घराचं एकमत

आई गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एकदा बाबांनी गॅसवर दूध ठेवलं आणि ते खाली बसस्टॉपवर जाऊन बसले. जायचं कुठेच नव्हतं. उभा जन्म शहराच्या बसवर ड्रायव्हर म्हणून गेलेला. कुठली गाडी किती उशिरा येते, नवी पोरं वळण कसं घेतात, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. इकडे वर दूध उतू गेलं, आटलं, करपलं, पातेलं लाल झालं. समोरच्या दारात राहणाऱ्या शिलाईवाल्या मावशींना वास आला म्हणून निभावलं. आईने ठेवायला दिलेली चावी त्यांच्याकडे होती. त्यांनी दार उघडून गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि तिथूनच खाली ओरडल्या, "अहो ड्रायव्हरसाहेब, घर पेटवून कुठे निघालात?"

बाबांनी हा किस्सा मुलीला फोनवर हसत हसत सांगितला. तिला हसू आलं नाही.

तिला घरात सगळे थोरली म्हणत. धाकटा भाऊ परदेशात होता. त्या आठवड्यात बहीण-भावांचं फोनवर बरंच वाजलं. तो म्हणाला, "तू जवळ आहेस." ती म्हणाली, "जवळ म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. तू लांब आहेस म्हणून मी जवळ ठरते." बाबांना आपल्याकडे आणायचं म्हटलं, तर बाबाच तयार नव्हते. "तुम्ही दोघं नवराबायको सकाळी जाता ते दिवेलागणीला येता. तुझ्या भिंतींशी बोलण्यापेक्षा इथल्या भिंती ओळखीच्या आहेत," असं त्यांचं म्हणणं. शेवटी धाकटाच म्हणाला, "अगं, काखेत कळसा नि गावाला वळसा. तुझी कंपनी करते काय? तेच बसवून टाक ना बाबांकडे."

थोरली ज्या कंपनीत होती ती एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं जागी करून द्यायची. गादीखाली एक पट्टी, ती श्वास ओळखते. दाराला कुलूप, ते कोण आलं-गेलं लक्षात ठेवतं. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारा बटणाएवढा डोळा. नळ, फ्रिज, औषधांची डबी, गॅस, सगळ्यांना कान. आणि मनगटावर एक पट्टा, माणूस पडला तर ओरडणारा. ह्या वस्तू करणारे वेगळे होते. थोरलीचं काम होतं त्यांचं एकमेकांशी पटवून देणं. गादी म्हणते माणूस झोपलाय, नळ म्हणतो माणूस हात धुतोय. मग खरं कुणाचं धरायचं? कुणी आधी बोलायचं, कुणी गप्प बसायचं, कुणाचं ऐकून कुणी आपलं म्हणणं बदलायचं, हे तिने ठरवायचं. एका घरातल्या वीस-पंचवीस वस्तूंनी आपसात कुजबुज करून शेवटी एकच गोष्ट सांगायची, मुलाबाळांच्या फोनवरच्या एका ठिपक्यातून. हिरवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे घरातल्या वस्तूंचं आपसात जमत नाहीये, जरा बघा. लाल म्हणजे धावा; लाल झालं की कंपनीच्या फोनवाल्या बायकांनाही घंटा जायची.

ती स्वतः सुट्टी काढून बाबांकडे गेली आणि दिवसभर खपून तिने सगळं बसवलं. बाबा मागे हात बांधून तिच्या मागे मागे फिरत होते.

"हे काय बघणार?"

"तुम्ही गॅस बंद केलात का ते."

"आणि हे?"

"तुम्ही या खोलीत आहात का ते."

"आणि हे मनगटावरचं?"

"तुम्ही उभे आहात की पडलात ते."

बाबांनी घरभर नजर फिरवली. "एवढे सगळे कंडक्टर," ते म्हणाले, "आणि गाडीत पॅसेंजर मी एकटाच."

थोरली त्या वेळी मनापासून हसली. जाताना तिने जुनं कुलूप काढून नवं बसवलं. मावशींकडची चावी आता लागणार नव्हती. मावशींनी ती परत दिली, पण देताना जरा हातात घोळवली.

पहिले काही आठवडे सगळे खूश होते. धाकटा तिकडे उठला की आधी ठिपका बघायचा. थोरली बसमध्ये, जेवताना, मीटिंग सुरू होताना बघायची. हिरवा. आई गेल्यापासून छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं तिला वाटलं.

आधी ती रोज सकाळी बाबांना फोन करायची. झोप लागली का, गोळी घेतली का, जेवलात का, हेच तेच, पण त्यातून बाबा कुठे कुठे जायचे. गोळीवरून डॉक्टरकडे, डॉक्टरवरून त्याच्या दवाखान्यासमोरच्या थांब्याकडे, तिथून कधीतरी पुरात अडकलेल्या गाडीकडे. आता विचारायला काही उरलं नव्हतं.

"आज जरा चालून आलो कोपऱ्यापर्यंत," बाबा म्हणायचे.

"हो, दिसलं मला."

"झोप काही नीट..."

"तीनदा उठलात. पाणी कमी प्या ना रात्री."

मग "बरं, ठेवते," असं ती म्हणायची, आणि बाबाही "ठेव, ठेव, कामात असशील" म्हणायचे. रोजचा फोन दिवसाआड झाला, मग आठवड्यावर आला. रविवारची फेरीही एक रविवार सोडून होऊ लागली. काळजी नव्हती ना. माणूस काळजीपोटी जेवढं करतो त्याच्या निम्मंसुद्धा प्रेमापोटी करत नाही, आणि हे त्याला काळजी संपल्यावरच कळतं. तेही कळलं तर.

मग एके दिवशी ठिपका पिवळा झाला.

ती मीटिंगमध्ये होती. गादी म्हणत होती माणूस झोपलाय. पट्टा म्हणत होता माणूस स्वयंपाकघरात आहे. ती बाहेर आली, फोन लावला.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"घरात. का गं?"

"झोपला आहात की उभे आहात?"

"आता तर उभाच आहे, फोन वाजला म्हणून उठलो. बरी आहेस ना? आवाज का असा? अगं, परवा काय झालं, आपल्या त्या उड्डाणपुलाखाली..."

बाबा बोलत राहिले. ती काचेतून मीटिंगकडे बघत हं हं म्हणत राहिली. बोलता बोलता बाबांनी पट्टा उचलून मनगटावर बांधला असावा, कारण ठिपका पुन्हा हिरवा झाला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा पिवळा. मग त्याच आठवड्यात अजून एकदा. कधी पट्टा एका खोलीत आणि माणूस दुसऱ्या खोलीत. कधी फ्रिजचं दार उघडंच आणि गादीवर माणूस गाढ. प्रत्येक वेळी ती फोन करायची, प्रत्येक वेळी बाबा ठणठणीत असायचे आणि गप्पांना बसायचे. तिला वाटलं पट्टाच खराब निघाला. तिने नवा पाठवून दिला. तरी तेच. एकदा ती वैतागून म्हणालीच, "बाबा, पट्टा हातात घालायचा असतो हो, टेबलावर ठेवायचा नसतो. माझं काम खोळंबतं."

"बरं बाई," बाबा म्हणाले. "चुकलंच."

हे फक्त बाबांच्याच घरात होत नव्हतं. पट्टे निघत होते, पलंगावर मांजरं झोपत होती, नातवंडं औषधांच्या डब्या उघडत होती. शेकडो घरं दिवसभर पिवळी-लाल होत होती आणि फोनवाल्या बायका सकाळपासून "आजोबा, बरे आहात ना" म्हणत घसे कोरडे करत होत्या. त्या गर्दीत एका घरातलं खरं लाल मागे राहिलं. फोनवाली बाई पोचली तेव्हा तिकडे उचलायला कुणी नव्हतं. ती बाई त्या दिवशी जागेवरून उठली ती परत कामावर आलीच नाही.

थोरलीच्या विभागाच्या मॅडम तडकाफडकी बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी तिला बोलावलं, समोर बसवलं. "घरातल्या वस्तूंना भांडू दे," त्या म्हणाल्या, "पण त्यांचं भांडण आपल्या दारात येऊ देऊ नकोस. घरातच मिटव."

थोरलीने मिटवलं. तिचा तोडगा साधा होता आणि खरं सांगायचं तर हुशारीचाही. दहा वस्तू एक सांगतात आणि एक वेगळं सांगते, तर दहांचं ऐकायचं. आणि जिची साक्ष पूर्वी वारंवार खोटी ठरली आहे, तिच्या साक्षीला कमी वजन द्यायचं. गावात आपण हेच करतो. रोज खोटं बोलणाऱ्याच्या ओरडण्याकडे कोण लक्ष देतं? नियम सगळ्या घरांना लागू झाला आणि पिवळे ठिपके पाचोळा उडावा तसे उडून गेले. फोनवाल्या बायकांनी तिला डबाभर बिस्किटं आणून दिली. मॅडमनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. खरे लाल आता लगेच उचलले जाऊ लागले. त्यातून माणसं वाचलीसुद्धा.

बाबांचं घर हिरवं झालं ते हिरवंच राहिलं. "पट्टा सुधारला वाटतं," ती धाकट्याला म्हणाली.

त्या काळात ती बाबांकडे फारशी गेली नाही. नवीन घरं जोडायची होती, नवऱ्याच्या कामाची जागा बदलली होती, एक ना दोन. फोन झाले ते सणवार नसताना होतात तसे, लहान. एकदा बाबांनीच फोन केला, तेही आडून आडून. "तुमचं ते यंत्र चालू आहे ना? नाही, सहज विचारलं."

"अगदी छान चालू आहे, बाबा. आता तर जास्तच चांगलं."

"असं का," बाबा म्हणाले. "मग ठीक."

त्यानंतर काही दिवसांनी, कामाच्या भर दुपारी, तिला मावशींचा फोन आला. मावशी कधी फोन करत नसत.

"थोरले, तुझे बाबा दार उघडत नाहीत गं."

तिने फोन कानावरून काढून ठिपका बघितला. हिरवा. ठिपका दाबून आतलं बघितलं. गादीवर माणूस, श्वास संथ. दार बंद. स्वयंपाकघर शांत. कुठेच हालचाल नाही.

"झोपलेत ते, मावशी. मला दिसतंय."

"या वेळेला? माझे शिवलेले कपडे रोज संध्याकाळी खालच्या दुकानात नेऊन देतात ते. तेवढंच पाय मोकळे होतात म्हणतात. काल आले नाहीत. मला वाटलं कंटाळा केला असेल. आज सकाळपासून दारही वाजलेलं नाही."

"दमले असतील. श्वास अगदी व्यवस्थित चाललाय. उठवू नका, मावशी. उठले की मी बोलते त्यांच्याशी."

"तुला दिसतंय म्हणतेस तर असेल," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

थोरली पुन्हा कामाला लागली. सहज म्हणून तिने कालपासूनचं बघितलं असतं, तर गादीवरचा माणूस कालपासून उठलेलाच नाही हे तिला दिसलं असतं. पण हिरव्या घरात मागे जाऊन कोण बघतं? हिरव्याचा अर्थच मुळी बघू नका असा होता.

तासाभराने मावशींचा फोन पुन्हा आला. आता त्यांचा आवाज चढला होता. "हे बघ, तुला काय दिसतं ते मला माहीत नाही. मी दार बडवून बडवून हात लाल केला. मेलेलं माणूस उठेल एवढा आवाज केला. माझ्याकडे चावी असती तर तुला विचारलं नसतं."

शेवटचं वाक्य तिला लागलं. "थांबा, मी इथून उघडते," ती म्हणाली. फोनवरूनच तिने कुलूप काढलं. दार करकरलेलं तिला ऐकू आलं, मावशींच्या चपला ऐकू आल्या. मग कसलीतरी घरघर.

"मावशी? झोपलेत ना?"

"अगं..." मावशी म्हणाल्या. "पलंगावर पंखा आहे गं."

"काय?"

"पलंगावर त्यांची ती लोखंडी पेटी आहे. पेटीवर टेबलफॅन. चालू आहे. ते नाहीत इथे."

आणि मग मावशी ओरडल्या. तो आवाज थोरलीच्या कानात पुढे कितीतरी दिवस राहिला.

बाबा मागच्या गॅलरीच्या उंबऱ्यात पडलेले होते, अर्धे आत, अर्धे बाहेर. खुबा मोडला होता. आदल्या दिवशी सकाळी पडले ते तिथेच होते. रात्रीची थंडी त्यांनी तिथेच काढली होती, अंगावर दोरीवरून ओढलेला एक ओला टॉवेल. मनगटावरचा पट्टा पडल्या क्षणापासून, बॅटरी उतरेपर्यंत, ओरडत होता. त्याने आपलं काम चोख केलं होतं. पण तो एकटा होता आणि बदनाम होता. गादी म्हणाली माणूस झोपलाय. खोल्यांतल्या डोळ्यांना गॅलरीचा उंबरा दिसत नव्हता, ते म्हणाले हालचाल नाही, बरोबर आहे. दार म्हणालं कुणी बाहेर गेलं नाही. नळ, फ्रिज, गॅस सगळे म्हणाले आम्हीही शांत आहोत, झोपलाच असणार. सगळ्या घराचं एकमत झालं.

बाबा शुद्धीवर होते. दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं, पण थंडीने छाती धरली होती आणि एवढा वेळ एका अंगावर पडून राहिल्याने आतलं बरंच काही बिघडलं होतं. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "वयाच्या मानाने बरे आहेत." त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, त्यावरून तिला काय ते कळलं.

धाकट्याचा फोन आला तेव्हा तो रडत होता. "हिरवं होतं गं. मी दोनदा बघितलं. पुन्हा पुन्हा तेच डोळ्यासमोर येतंय. हिरवं होतं."

"मीही बघितलं," ती म्हणाली.

चौथ्या की पाचव्या दिवशी बाबांना जरा हुशारी वाटली. खिडकीतून ऊन येत होतं. तिने त्यांना चमच्याने चहा पाजला, तोंड पुसलं. किती दिवस गिळून ठेवलेला प्रश्न आता तिने विचारला.

"बाबा, पलंगावर पंखा कशाला ठेवला होतात?"

बाबा चोरी पकडल्यासारखे हसले. "हळू बोल, त्या नर्सबाई ऐकतील. म्हणतील म्हातारा चळलाय."

"सांगा ना."

"अगं, ते पिवळं झालं की तू फोन करतेस." बाबा चादरीची कड चाचपत होते. "आधी पट्टा काढून ठेवायचो. झोपायचो इकडे, पट्टा तिकडे. की आलाच तुझा फोन. मग तू रागावलीस, म्हणून म्हटलं पट्टा हातातच ठेवू, दुसरं काही करू. पेटी ठेवली, तर तुझी गादी फसेना, तिला श्वास लागतो. म्हणून पंखा. थरथरतो ना तो, जुना आहे. गादी म्हणते माणूस झोपलाय आणि मी घरभर फिरतो." त्यांना दम लागला. "आता वाटतं पोरखेळ होता. पण दिवस मोठा असतो गं."

थोरलीने त्यांची उशी जरा वर सरकवली.

"मग पुढे ते चालेनासं झालं," बाबा म्हणाले. "पंखा लावला तरी तुझा फोन येईना. म्हटलं, पिवळं तर होत असणार. दिसत असणार तिला. पण कामं असतात, रोज रोज कुठे बघत बसणार. माणूस कंटाळतोच. मी तरी आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्या प्रत्येक हाकेला कुठे उठत होतो?"

"बाबा..."

"पडल्यावर तर पट्टा केवढ्यांदा ओरडत होता. म्हटलं, आता लाल झालं असेल. आता येईल. मग रात्र झाली. मग म्हटलं, नसेल जमत तिला."

तिने चहाचा कप खाली ठेवला. "मला दिसलंच नाही, बाबा. पिवळंही नाही, लालही नाही. मीच तसं केलं होतं. एकट्या वस्तूचं ऐकायचं नाही, असं मीच ठरवून दिलं. सगळ्या घरांसाठी. तुमचं घर शेवटपर्यंत हिरवंच होतं."

बाबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ते रागावतील, असं तिला वाटलं. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"म्हणजे तुला कळलंच नाही," ते म्हणाले.

"नाही."

"आणि मी समजत होतो, कळतंय, पण येत नाही." त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरची एक जुनी आठी सैल झाल्यासारखी दिसली. "असं होय. मग ठीक आहे. मग काही नाही."

ते सुटले, असं म्हणता येईल. ती मात्र अडकली ती तिथेच. ती रात्र पंख्याच्या घरघरीत, ओल्या टॉवेलखाली त्यांनी आपल्याबद्दल मनात काय धरून काढली होती, हे तिला आता माहीत झालं होतं. आणि ते धरायला त्यांना कारण नव्हतं, असंही तिला छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. खरंच पिवळं झालं असतं तर तिने रोज उठून फोन केला असता का?

बाबा पुढे दोन आठवडे होते. छाती पुन्हा भरली आणि एका सकाळी, ती खाली औषधं आणायला गेली असताना, ते गेले. धाकटा पोचला तो थेट स्मशानात.

कामावर परतल्यावर तिने पहिलं काम केलं ते मॅडमकडे जाण्याचं. "तो नियम काढून टाकायचा," ती म्हणाली.

मॅडमनी दार लावून घेतलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला, पाणी दिलं, आणि मग म्हणाल्या, "काढला तर काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते आजोबा आठवतात ना, ज्यांच्यापर्यंत आपण पोचलो नाही? तुझ्या नियमाने जे वाचले ते तुझ्याकडे येऊन रडणार नाहीत. त्यांना माहीतही नाही."

"मला माहीत आहे."

"मग?"

"पडल्याची खबर एकट्याची असली तरी मानायची. बाकी राहू दे."

मॅडमनी ते मान्य केलं. आठवडाभर चाललं. पट्टे टेबलांवरून पडत होते, कपडे धुण्याच्या यंत्रात फिरत होते, नातवंडं ते फेकून खेळत होती. प्रत्येक वेळी यंत्राच्या लेखी कुणीतरी पडत होतं आणि फोनवाल्या बायका पुन्हा घसे कोरडे करत होत्या. त्यातली एक तर थोरलीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "ताई, तुमचं दुःख कळतं आम्हाला," ती म्हणाली, "पण आम्ही किती धावायचं?" मग पडल्याच्या खबरीला आणखी एकाची साक्ष लागेल, असं ठरलं. मग ती साक्ष कुणाची, यावर चर्चा झाली. महिन्याभरात नवा नियम जुन्यासारखाच दिसायला लागला, फक्त नाव वेगळं. ती प्रत्येक बैठकीत भांडली. नोकरी सोडावी असंही मनात आलं. पण आपण गेलो तर इथे भांडायलाही कुणी उरणार नाही, असं वाटून ती राहिली. ते खरं होतं की सवय, हे तिचं तिलाच ठरवता आलं नाही.

बाबांचं घर रिकामं करायला ती एकटीच गेली. धाकट्याची रजा संपली होती. भांडी, कपडे, आईच्या साड्या, बाबांची खाकी टोपी, सगळं बांधून झाल्यावर तिने कोपऱ्याकोपऱ्यातले डोळे उचकटून एका पिशवीत टाकले. त्यांच्या मागे भिंतीवर पांढरे ठसे राहिले. ती कुलूप काढत होती तेव्हा समोरचं दार उघडलं.

"ये, चहा घे," मावशी म्हणाल्या.

मावशींच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे कापडांचे ढीग. थोरली शिलाई मशिनशेजारच्या स्टुलावर बसली. मावशींनी त्या दिवशीच्या दोन फोनांचा विषय कधी तिच्या तोंडावर काढला नव्हता, आणि त्या कधी काढणारही नाहीत, हे तिला कळत होतं. त्याचंच ओझं जास्त होत होतं.

"एक विचारायचं होतं," मावशी कपात बघत म्हणाल्या. "माझा मुलगा मागे लागलाय. तो तिकडे लांब, मी इकडे एकटी. म्हणतो, ड्रायव्हरकाकांकडे होतं तसं तुलाही बसवून घेऊ. मी म्हटलं, थोरलीला विचारते. तिच्याशिवाय कोण सांगणार?" त्यांनी वर बघितलं. "बसवू का गं?"

थोरलीच्या हातातला चहा निवत चालला होता. नको म्हणावं, तर मावशींच्या गॅसवरही उद्या दूध असेल, आणि समोरच्या दारात आता वास घ्यायला कुणी नाही. हो म्हणावं, तर काय म्हणून म्हणावं?

"बसवा," ती शेवटी म्हणाली.

"चांगलं असतं ना?"

"असतं, मावशी. बऱ्याच वेळा चांगलं असतं."

"आणि मुलाला काही सांगू का? काही विशेष काळजी घ्यायची असते का त्याने?"

थोरली बोलायला गेली. जिभेवर चार वाक्यं आली आणि चारही तिला कुठल्यातरी माहितीपत्रकातली वाटली.

"मीच बोलेन त्याच्याशी," ती म्हणाली. "मला त्याचा नंबर द्या."

मावशींनी कापडाच्या ढिगाखालून चष्मा शोधला, फोन शोधला, एकेक आकडा मोठ्याने वाचला. मग त्यांनी दिवा ओढून मशिनवर घेतला. संध्याकाळी कपडे द्यायचे होते, आणि खाली दुकानात ते आता त्यांनाच न्यायचे होते.